नोव्हेंबरचा ताळेबंद

अर्थशास्त्रात आपण ‘संधी-खर्च’ शिकतो. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत. याचा अर्थ मला पांडेसऱ्यात, आमच्या घरी कळला.

2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते. महिन्याच्या आरंभी सुटीत घरी गेलो तो कादंबरीचा बेत घेऊन. अमेरिकेत 1999 साली सुरू झालेल्या एका उपक्रमात नोव्हेंबरच्या 30 दिवसांत 50,000 शब्द लिहीत. म्हणजे रोज सुमारे 1,667.

वडील रंगाई-छपाईच्या मिलमध्ये रोजंदारीवर. दिवाळीत मिल बंद, की मजुरीही बंद. सुरतचे व्यापारी मुहूर्त करणार लाभपंचमीला, म्हणजे 18 तारखेला. आईने खरेदीची यादी केली. धाकटीचा फ्रॉक ठेवला, स्वतःचे पातळ खोडले.

मी वही मिटली. दिवाळीपूर्वीचे आठ दिवस साड्यांच्या घड्या घालण्याचे काम धरले. पातळ आले.

मित्रहो, हिशेबाने 13,336 शब्द गेले. हा व्यवहार तोट्याचा झाला असे मी म्हणणार नाही. मात्र ते शब्द मी बुडीत खाती टाकलेले नाहीत. ‘येणे बाकी’ म्हणून मांडले आहेत.