वन राखील तो पाणी राखील

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. तरीही सत्तरी, सांगे व काणकोण तालुक्यांतील कित्येक झरे पावसाळा संपल्यानंतर अनेक महिने वाहत असतात. हे पाणी येते कोठून? या प्रश्नाचे उत्तर सह्याद्रीच्या उतारावरील वनांत आहे.

पावसाचा मारा प्रथम झाडांची पाने झेलतात. नंतर सावकाश खाली उतरणारे पाणी जमिनीवरील पालापाचोळा शोषून घेतो आणि मुळांनी केलेल्या वाटांनी ते खोल मुरते. तेच पुढे झऱ्यांवाटे बाहेर पडून कुळागरे भिजविते व ओहोळांतून नदीस मिळते. जेथे डोंगर उघडा पडतो, तेथे हेच पाणी माती घेऊन धावत सुटते. पावसाळ्यात नदी गढूळ होते, उन्हाळ्यात विहीर तळ गाठते.

कुऱ्हाडीचा घाव दिसतो. वणव्याची हानी मात्र पुष्कळदा ध्यानात येत नाही. मोठी झाडे उभीच राहतात, परंतु पालापाचोळा, रुजलेले बी आणि कोवळी रोपे जळून जातात. म्हणजे उद्याचे वन आणि येत्या उन्हाळ्याचे पाणी एकाच वेळी नष्ट होते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात व अन्य ठिकाणी वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यासाठी नौदल व हवाई दल यांची हेलिकॉप्टरे आणावी लागली. अशा दमट वनांत आग सहसा आपोआप लागत नाही. बागेतील पाचोळ्यास लावलेली आग किंवा विडीचे न विझलेले थोटूक एवढेही तिला पुरते.

पूर्वजांनी हे मर्म जाणले होते. सत्तरीतील बांबर येथील निरंकाराची राई याची साक्ष देते. तेथे पाणथळ जमिनीत रानजायफळाचे दुर्मिळ वृक्ष गुडघ्यासारखी मुळे वर काढून उभे आहेत. देवाच्या नावाने झाडे राखली गेली आणि त्यांच्याबरोबर पाणीही राखले गेले.

आज श्रद्धेच्या जोडीस कायदाही आहे. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यान्वये खाजगी जमिनीतील झाड तोडण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक असते. तथापि प्रत्येक डोंगरावर पहारेकरी ठेवणे शक्य नाही. ग्रामस्थांनी बागेतील पाचोळा न जाळता त्याचे खत करावे, बागेच्या कडेने जाळपट्टा साफ ठेवावा आणि धूर दिसताच वनखात्यास कळवावे. शिक्षकांनी मुलांस गावातील झऱ्यापर्यंत न्यावे व त्याचे पाणी कोणत्या वनातून येते ते दाखवावे. पंचायतींनी आपल्या राईची सीमा जपावी.

नवे रोप लावणे हे पुण्यकर्म खरेच. पण उभे वन राखणे हे त्याहून मोठे कर्तव्य होय. रोपाचा वृक्ष होण्यास एक पिढी लागते, वन जळण्यास एक दुपार पुरते.