घोरपडीची शेपटी : कथेतील व निसर्गातील

घोरपडीचे नाव मराठी मुलांच्या कानी प्रथम पडते ते बहुधा तानाजी मालुसरे यांच्या कथेतून. १६७० साली कोंढाणा घेताना ‘यशवंती’ नावाच्या घोरपडीस दोर बांधून तिला कड्यावर चढविले व त्या दोरावरून मावळे गडावर गेले, अशी ही लोककथा आहे. कोणी म्हणतात दोर कमरेला बांधला, कोणी म्हणतात शेपटीला. पुष्कळ इतिहासकार ही कथा खरी मानीत नाहीत. घोरपडीचे वजन अवघे काही किलो. माणसाचा भार तिला पेलणे शक्य नाही.

तथापि कथेला निसर्गाचा थोडा आधार आहे. संकट येताच घोरपड कपारीत शिरते, अंग फुगविते आणि नख्या खडकात रोवते. मग तिला ओढून काढणे कठीण जाते. हे सामर्थ्य नख्यांचे व फुगविलेल्या अंगाचे, शेपटीचे नव्हे.

असाच गैरसमज परदेशातही झाला. युरोप व उत्तर अमेरिकेतील बीव्हर हा प्राणी ओढ्यांवर लाकडे व चिखल यांचे बांध घालतो. त्याची शेपटी रुंद व चपटी असल्यामुळे तो तिचा थापीसारखा उपयोग करतो, असे लोक समजत. वास्तविक चिखल तो पुढच्या पायांनी वाहतो. पोहताना सुकाणू म्हणून, बसताना टेकू म्हणून आणि पाण्यावर आपटून इतरांस धोक्याचा इशारा देण्यासाठी त्याची शेपटी असते.

मग घोरपडीच्या शेपटीचे कार्य कोणते? ती दोन्ही बाजूंनी चपटी असते. तिच्या हेलकाव्यांनी घोरपड पोहते. मागील पायांवर उभे राहून भोवताली पाहताना ती शेपटीचा टेकू घेते. शत्रू जवळ आल्यास शेपटीचा चाबकासारखा फटका मारते. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते. घोरपडीची मात्र येत नाही.

घोरपडीच्या बळाविषयीच्या समजुती तिच्याच जिवावर उठल्या आहेत. तिच्या मांसाने शक्ती येते, तेलाने सांधेदुखी जाते, अशा समजुतीने तिची शिकार होते. या समजुतींना शास्त्राचा आधार नाही. घोरपड किडे, उंदीर, अंडी इत्यादी खाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे. तिला मारणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा होय.

शिक्षकांसाठी : कन्नड तालुक्यातील गौताळा अभयारण्याच्या परिसरातील मुलांनी घोरपड पाहिलेली असण्याचा संभव आहे. त्यांस पाहिलेले सांगू द्यावे. फळ्यावर ‘ऐकलेले’ व ‘पाहिलेले’ असे दोन रकाने करून प्रत्येक विधान योग्य रकान्यात लिहून घ्यावे. यशवंतीची कथा मुलांनी आनंदाने ऐकावी. परंतु शेताच्या बांधावर घोरपड दिसल्यास दगड न उचलता तिला वाट द्यावी, एवढे या पाठातून साधले पाहिजे.