आमवाताच्या रुग्णांनी कोलेस्टेरॉलकडे कसे पाहावे?

आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, शिबिरांचा तपशील व देणगीदारांची नामावली यांबरोबरच आरोग्यशिक्षणपर एखादा लेख असावा, अशी प्रथा आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यक हा त्याचा विषय नव्हे. तथापि रुग्णांची कागदपत्रे पाहणे हा त्याच्या नित्याच्या कामाचा भाग आहे, आणि अशाच एका फाइलने हा विषय सुचविला.

निरगुडसरजवळच्या एका वाडीतील ५२ वर्षांच्या भगिनीस हृदयविकाराचा झटका आल्याने पुढील उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवावे लागले. गेली दहा-अकरा वर्षे त्यांना आमवात होता. शासकीय योजनेसाठी कागद जुळविताना फाइलमध्ये सहा महिन्यांपूर्वीचा रक्ताचा अहवाल सापडला. त्यात कोलेस्टेरॉल मर्यादेत होते. त्यांच्या मुलाने विचारले, “साहेब, आईचं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं. मग हे झालं कसं?” मी तो प्रश्न आमच्या वैद्यकीय सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी जे समजावून सांगितले, ते सर्व रुग्णांपर्यंत पोहोचावे, हा या लेखाचा हेतू आहे.

आमवात हा केवळ सांध्यांचा आजार नाही

वयोमानाने गुडघे झिजतात, तो संधिवात निराळा. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. हाताची बोटे, मनगटे व पायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात आणि सकाळी अर्धा-एक तास किंवा त्याहूनही अधिक वेळ आखडलेले राहतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो.

हा शहरी किंवा श्रीमंतांचा आजार आहे, असा समज चुकीचा आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते आणि आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. म्हणजे हजार प्रौढांमागे साधारणतः पाच रुग्ण. या प्रमाणाने पाहिल्यास आपल्याकडील प्रत्येक मोठ्या गावात असे रुग्ण असणार.

सांध्यात दिसणारी सूज ही या आजाराची बाहेरची खूण होय. तोच दाह रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातही चालू असतो. त्यामुळे तेथे चरबीचा थर साचणे व तो फुटून गुठळी होणे या दोन्ही गोष्टी लवकर घडतात. आमवाताच्या रुग्णास हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. म्हणूनच युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत, नेहमीच्या कोष्टकाने काढलेला हृदयविकाराचा धोका या रुग्णांबाबत दीडने गुणावा, असे सांगितले आहे.

‘नॉर्मल’ आकडा फसवा का ठरतो?

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दाह तीव्र असताना रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल, खाली येते. उपकारक एचडीएलही घटते व त्याची रक्षणशक्ती कमी होते. परिणामी आजार जितका भडकलेला, तितका कोलेस्टेरॉलचा आकडा कमी दिसू शकतो. मात्र हृदयाचा धोका वाढलेलाच असतो. एकाच खात्याची शिल्लक पाहून व्यवसाय सुस्थितीत आहे असा निष्कर्ष काढू नये, हे हिशेबनीसास सांगावे लागत नाही. येथेही तोच न्याय लागू आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. योग्य उपचाराने दाह शमला की कोलेस्टेरॉल पुन्हा वर येते. ‘आमवाताच्या औषधाने कोलेस्टेरॉल वाढले’ असे समजून काही रुग्ण औषधच बंद करतात. ही मोठी चूक होय. दाह आटोक्यात असताना येणारा आकडा हाच खरा आकडा. त्यावरून पुढील उपचार ठरवावा.

यास्तव कोलेस्टेरॉलची तपासणी शक्यतो आजार स्थिर असताना करावी. अहवाल पाहताना सीआरपी किंवा ईएसआर हे दाहाचे मापन, रक्तदाब, रक्तशर्करा, वजन व तंबाखूची सवय यांचा एकत्रित विचार व्हावा. टोफासिटिनिबसारख्या काही नव्या औषधांनी कोलेस्टेरॉल प्रत्यक्ष वाढते. ती सुरू केल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा फेरतपासणी आवश्यक आहे.

पहिला उपचार दाहावर

आमवाताच्या रुग्णाचे हृदय वाचविण्याचा पहिला उपाय म्हणजे आमवाताचाच योग्य उपचार. मेथोट्रेक्सेट हे यातील प्रमुख औषध होय. अमेरिकेत संशोधन करणारे भारतीय शास्त्रज्ञ डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतील कार्यातून ते पुढे आले. ही गोळी आठवड्यातून एकाच ठरावीक वारी घ्यावयाची असते. ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून घरातील कॅलेंडरवर त्या वारावर खूण करावी. सोबतची फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशी घ्यावी.

आपल्या भागात निरगुडीच्या पाल्याचा शेक घेण्याची पद्धत आहे. त्याने आराम वाटत असेल तर हरकत नाही. मात्र शेकाने आतील दाह थांबत नाही. त्या भगिनींनी अनेक वर्षे शेक आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या यांवरच काढली होती. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडतात व हृदयविकाराचा धोका वाढतो. रोफेकॉक्सिब हे याच वर्गातील वेदनाशामक २००४ साली याच कारणास्तव जगभरातून मागे घेण्यात आले. बाजारात मिळणाऱ्या निनावी पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत बरे वाटते. पण साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल तिन्ही वाढतात. अशी पुडी चालू असल्यास ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावी.

स्टॅटिन आणि सांधेदुखी

दाह आटोक्यात आल्यावरही धोका अधिक असेल तर डॉक्टर स्टॅटिन वर्गातील गोळी देतात. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून या वर्गातील पहिले द्रव्य शोधून काढले. आमवाताच्या तीन हजार रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अॅटोर्वास्टॅटिन या रुग्णांनाही इतरांप्रमाणेच सुरक्षित आढळले.

तरीही ‘या गोळीने अंग दुखते’ म्हणून ती सोडणारे रुग्ण पुष्कळ आहेत. येथे दुखणे कोणते, हे ओळखावे. स्टॅटिनचे दुखणे स्नायूंत, विशेषतः मांड्या, पोटऱ्या व खांद्यांत, दोन्ही बाजूंनी असते. सांधा सुजत नाही. आमवाताचे दुखणे सांध्यात असते, सकाळी अधिक असते व हालचालीने हळूहळू सैल पडते. शंका आल्यास सीपीके व थायरॉइडची तपासणी करतात. कारण थायरॉइड कमी असल्यास स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते. मात्रा कमी करणे किंवा दुसरे स्टॅटिन देणे हे मार्ग उपलब्ध आहेत. गोळी परस्पर बंद करणे हा मार्ग नव्हे. लघवी गडद तांबूस झाल्यास किंवा स्नायूंत कमालीचा अशक्तपणा आल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मेथोट्रेक्सेट व स्टॅटिन या दोहोंसाठी यकृताची तपासणी लागते. एकाच वेळी रक्त दिल्यास दोन्ही कामे होतात. मद्य पूर्णतः वर्ज्य करावे. लेफ्लुनोमाइड चालू असल्यास रोसुव्हास्टॅटिनची मात्रा मर्यादित ठेवावी लागते. म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांची यादी सोबत न्यावी. गर्भधारणेचा विचार असलेल्या भगिनींनी ही गोष्ट आधीच डॉक्टरांना सांगावी. मेथोट्रेक्सेट गर्भास घातक आहे आणि स्टॅटिनही सहसा थांबवितात.

आहार, तंबाखू व चालणे

ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाज्या व जवसाची चटणी हा आपला जुना आहार हृदयास हितकारक आहे. घरी दुभते असले तरी साय व तूप बेताने घ्यावे. वनस्पती तूप, फरसाण व पुन्हा पुन्हा तापविलेल्या तेलातील वडे-भजी टाळावीत. खाद्यतेलातील कृत्रिम ट्रान्स फॅटवर शासनाने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मात्र कढईत वारंवार तापणाऱ्या तेलावर घरातूनच लक्ष ठेवावे लागते.

विडी-सिगारेटने आमवात व हृदयविकार दोन्ही बळावतात. मिसरी हीदेखील तंबाखूच आहे, हे अनेक भगिनींच्या ध्यानात येत नाही. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे चालावे. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने पहाटेच्या अंधारात न जाता उजाडल्यावर, सोबतीने व वस्तीलगतच्या रस्त्याने चालावे.

खर्चाविषयी

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसारखे दाखल रुग्णांचे उपचार होतात. दरमहाच्या गोळ्यांचा खर्च मात्र कुटुंबासच करावा लागतो, आणि टाळाटाळ नेमकी तेथेच होते. मेथोट्रेक्सेट व अॅटोर्वास्टॅटिन ही दोन्ही औषधे जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात. जनऔषधी केंद्रात त्यांची चौकशी करावी. गोळ्यांसाठी पैसे नसतील तर संकोच न करता रुग्णालयाच्या कार्यालयात यावे. उपचार थांबण्याआधी आलेल्या रुग्णास मदत करणे आम्हांस सोपे जाते.

त्या भगिनी आता बऱ्या आहेत. त्यांच्या फाइलवर आता आमवात आणि हृदय या दोन्ही उपचारांच्या नोंदी एकत्र ठेवल्या जातात. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले, परंतु झटका येऊन गेल्यावर. ज्यांच्या घरी आमवाताचा रुग्ण आहे, त्यांनी हा प्रश्न पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारावा, एवढीच विनंती आहे.