पौरुषग्रंथीचा कर्करोग : संप्रेरक-ग्राही, जनुकांचे कार्य आणि पीएसएचे वाचन

मूत्रप्रवृत्तीच्या तक्रारी घेऊन येणारे साठीपुढील रुग्ण आपणा सर्वांच्या चिकित्सालयात नित्याचे आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिलेले असून त्यांपैकी वाताष्ठीलेशी पौरुषग्रंथीच्या वृद्धीचे साम्य अर्वाचीन ग्रंथकारांनी दाखविले आहे. अर्बुदाचे विवेचन निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात येते. हा पाया आपल्या परिचयाचा आहे. परंतु आजचा रुग्ण नाडी दाखविण्यापूर्वी पीएसएचा अहवाल पुढे ठेवतो आणि विचारतो, ‘‘वैद्यराज, आकडा उतरला आहे, आता ते इंजेक्शन बंद केले तर चालेल ना?’’

नागपुरात १९८० साली कर्करोग नोंदणीचे कार्य सुरू झाले. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि अलीकडे जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे विदर्भातूनच नव्हे, तर छिंदवाडा, बैतूल, शिवनी या भागांतूनही रुग्ण येतात. त्यांपैकी अनेक जण तेथील उपचारांसोबत आपलीही औषधे घेतात. म्हणून वरील प्रश्नाचे उत्तर आपल्याला शास्त्रशुद्ध रीतीने देता आले पाहिजे. त्यासाठी पीएसए हे प्रथिन पेशीत कोणाच्या आज्ञेने निर्माण होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

१. पूर्वपीठिका

शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिले की, पौरुषग्रंथीचा कर्करोग अस्थींपर्यंत पसरलेल्या रुग्णांत वृषणे काढून टाकल्यास अथवा स्त्री-संप्रेरक दिल्यास रोग मागे हटतो आणि रक्तातील अॅसिड फॉस्फेटेजचे प्रमाण घटते. कर्करोग हा सर्वस्वी स्वैर नसून काही अंशी संप्रेरकाच्या अधीन असतो, हे यातून प्रथमच सिद्ध झाले. या कार्यासाठी हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र संप्रेरकाची आज्ञा पेशीत नेमकी कोण ग्रहण करतो, हे स्पष्ट व्हावयास बराच काळ गेला. अँड्रोजेन-ग्राहीचे जनुक १९८८ साली वेगळे करण्यात आले.

२. ग्राहीची रचना व कार्य

पुरुषाच्या शरीरातील बहुतांश टेस्टोस्टेरॉन वृषणांत, तर अल्प प्रमाणात पुंसंप्रेरके अधिवृक्क ग्रंथींत निर्माण होतात. पौरुषग्रंथीच्या पेशीत शिरल्यावर ५-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे टेस्टोस्टेरॉनचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते.

अँड्रोजेन-ग्राही हे सुमारे ९२० अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. म्हणजे पुरुषाजवळ त्याची एकच प्रत असते आणि ती मातेकडून आलेली असते. या प्रथिनाचे प्रमुख भाग तीन : संप्रेरक धरून ठेवणारा, डीएनएला चिकटणारा आणि इतर सहायक प्रथिनांना कार्यप्रवृत्त करणारा. संप्रेरक नसताना हा ग्राही पेशीद्रवात रक्षक प्रथिनांच्या वेष्टनात निष्क्रिय पडून असतो. संप्रेरक येऊन चिकटताच त्याचा आकार बदलतो, वेष्टन सुटते व तो पेशीकेंद्रकात प्रवेश करतो. तेथे दोन ग्राही जोडीने डीएनएवरील विशिष्ट अक्षरक्रम शोधतात. हा क्रम साधारणपणे पंधरा अक्षरांचा असून सहा-सहा अक्षरांचे दोन भाग व मध्ये तीन अक्षरांचे अंतर अशी त्याची रचना असते.

तथापि असे अक्षरक्रम असंख्य आहेत व त्यांपैकी बहुतेक घट्ट गुंडाळलेल्या डीएनएत दडलेले असतात. कोणता भाग मोकळा राहील, हे फॉक्सए१ सारखी अग्रगामी प्रथिने ठरवितात. म्हणूनच तोच ग्राही पौरुषग्रंथीत एक जनुकसमूह चालवितो आणि स्नायूत दुसरा. मोकळ्या जागी ग्राही बसल्यावर सहायक प्रथिने गोळा होतात, त्या जनुकाची आरएनए प्रत निघू लागते आणि प्रतीवरून प्रथिन तयार होते. काही जनुकांचे कार्य ग्राही वाढवितो, तर काहींचे रोखतो.

त्याच्या आज्ञेने चालणाऱ्या जनुकांपैकी सर्वांत परिचित जनुक केएलके३ होय. त्यापासून निर्माण होणारे प्रथिन म्हणजेच पीएसए. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे स्वाभाविक कार्य. यावरून पुढील विवेचनाचा मुख्य सिद्धांत निघतो : रक्तातील पीएसए दोन गोष्टींवर अवलंबून असतो, एक, ते निर्माण करणाऱ्या पेशींची संख्या व ऊतीची अवस्था, दुसरी, त्या पेशींतील ग्राहीची सक्रियता. आकडा उतरला म्हणजे पेशी नष्ट झाल्या, असा अर्थ दरवेळी होत नाही. कदाचित ग्राही केवळ शांत झालेला असतो.

३. कर्करोगात होणारे बदल

कर्कपेशी या स्वाभाविक यंत्रणेचा आपल्या वाढीसाठी उपयोग करून घेते. २००५ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक महत्त्वाचा दोष प्रकाशात आणला. एकविसाव्या गुणसूत्रावरील टीएमपीआरएसएस२ हे जनुक ग्राहीच्या आज्ञेत असते. त्याचा आज्ञा घेणारा भाग तुटून ईआरजी या वाढीशी संबंधित जनुकाला जोडला जातो. परिणामी जी आज्ञा पूर्वी निरुपद्रवी प्रथिन घडवीत होती, तीच आता रोगवर्धक प्रथिन घडविते. पाश्चात्त्य रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांत हा दोष आढळतो. आशियाई रुग्णांत त्याचे प्रमाण कमी आहे.

वृषण-उच्छेदनाने वा इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन अत्यल्प केल्यावर बहुतेक रुग्णांत रोग शमतो, परंतु पसरलेला रोग कालांतराने पुन्हा डोके वर काढतो. त्या अवस्थेतही बहुधा ग्राहीच कार्यरत असतो. कधी ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढतात व अत्यल्प संप्रेरकही पुरेसे ठरते. कधी पेशी स्वतःच संप्रेरक घडविते. कधी ग्राहीत उत्परिवर्तन होते. कधी एआर-व्ही७ सारखा अपूर्ण ग्राही निर्माण होतो, ज्याला संप्रेरक धरणारा भागच नसतो आणि तरीही तो अखंड सक्रिय राहतो. संप्रेरकाची निर्मिती थांबविणारे अॅबिराटेरॉन २०११ साली आणि ग्राहीला रोधणारे एन्झाल्युटामाइड २०१२ साली अमेरिकेत मान्य झाले, ते याच ज्ञानाच्या आधारावर.

४. पीएसए उतरला, पण कशामुळे?

आपले औषध सुरू असताना पीएसए कमी झाला, तर श्रेय घेण्यापूर्वी पुढील चार शक्यता तपासाव्यात.

अ) पूर्वीच्या इंजेक्शनचा प्रभाव : संप्रेरकरोधक इंजेक्शने महिन्याची, तीन महिन्यांची वा त्याहून दीर्घ काळाचीही असतात. शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे विचारल्याविना निष्कर्ष काढू नये.

आ) औषध थांबविल्याचा परिणाम : उत्परिवर्तित ग्राही कधीकधी रोधक औषधालाच संप्रेरक समजून सक्रिय होतो. फ्लुटामाइड थांबविताच काही रुग्णांत पीएसए उतरतो, हे १९९३ सालापासून नोंदलेले आहे. रुग्णाने ती गोळी सोडून त्याच सुमारास आपला काढा सुरू केला असेल, तर उतार कशाचा, हे उघड आहे. ही शक्यता आहे म्हणून रुग्णाने स्वतःहून गोळी सोडावी, असे मात्र नाही. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञांचाच.

इ) फिनास्टेराइडसारखे औषध : ५-अल्फा रिडक्टेज रोधणाऱ्या या औषधाने सहा ते बारा महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो. साध्या वृद्धीसाठी ते दिलेले असल्यास आकडा दुप्पट धरून वाचावा लागतो. अन्यथा संशयास्पद आकडा निर्दोष भासतो.

ई) ग्राहीविरहित रोग : काही कर्कपेशी ग्राहीचे अवलंबित्वच सोडतात. त्या पीएसए निर्माण करीत नाहीत. आकडा अल्प, आणि यकृतात वा अस्थींत रोग वाढता, अशी ही फसवी स्थिती होय.

उलट दिशेने, ग्रंथीचा शोथ, मूत्रमार्गात घातलेली नळी वा साधी वृद्धी यांमुळेही पीएसए वाढतो. तेव्हा एकट्या आकड्यावरून भय दाखविणेही तितकेच अनुचित आहे.

५. पीसी-स्पेसचा धडा

अमेरिकेत १९९० च्या दशकात पीसी-स्पेस नावाचे आठ वनस्पतींचे मिश्रण या रोगासाठी विकले जात होते. त्यांत ज्येष्ठमधाच्या जातीची एक वनस्पतीही होती. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे मिश्रण घेणाऱ्या आठही रुग्णांचा पीएसए उतरला. मात्र त्यात स्त्री-संप्रेरकासारखी प्रबळ क्रिया असल्याचे त्याच अभ्यासात दिसले. रुग्णांत स्तनांची वेदना व कामेच्छानाश आढळला आणि एकाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली. पुढे तपासणीत काही उत्पादनांत वॉरफॅरिन, इंडोमेथॅसिन आणि डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल ही रासायनिक औषधे सापडली. २००२ साली उत्पादन बाजारातून परत घ्यावे लागले.

म्हणजे रुग्णांचा ग्राही शांत झाला होता हे खरे, परंतु १९४१ सालीच ज्ञात असलेल्या मार्गाने. वनस्पतींच्या गुणांचे खरे परीक्षण त्यामुळे अशक्य झाले आणि वनौषधींवरील विश्वास डळमळला तो वेगळाच. ‘‘आकडा झपाट्याने उतरतो’’ असे सांगून कोणी अनोळखी चूर्ण वा कॅप्सूल पुरवीत असेल, तर आनंदित न होता सावध व्हावे.

६. आपली द्रव्ये आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष

कांचनार गुग्गुळ, गोक्षुरादि गुग्गुळ, चंद्रप्रभा वटी या कल्पांचा मूत्रवह स्रोतसाच्या विकारांत आपण वापर करतो. त्यांतील गुग्गुळाचा घटक गुग्गुलस्टेरॉन अँड्रोजेन-ग्राहीला चिकटतो व त्याचे कार्य रोधतो, असे २००५ साली पेशींवरील प्रयोगांत आढळले. परंतु तोच घटक इतर स्टेरॉइड-ग्राहींनाही चिकटतो आणि प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीला तर उद्दीपित करतो. परीक्षानळीतील या गुणावरून शास्त्रोक्त मात्रेत दिलेला गुग्गुळ कर्करोग रोखतो, असे म्हणता येत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. गुग्गुलस्टेरॉन आणखी एका ग्राहीमार्फत यकृतपेशींतील सीवायपी३ए या औषध-विघटक विकराचे जनुक जागृत करते, असे २००४ साली दिसून आले. त्यापूर्वी १९९४ साली मुंबईतील संशोधकांनी गुग्गुलिपिडसोबत दिल्यास डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे रक्तातील प्रमाण घटते, असे दाखविले होते. अॅबिराटेरॉनचे विघटनही सीवायपी३ए४ या विकरामार्फत होते. म्हणून अशा रुग्णास गुग्गुळ-कल्प देताना त्याच्या कर्करोगतज्ज्ञांना कळविणे, हे आपले कर्तव्य ठरते.

शोधनिबंध वाचताना पेशींचे नाव अवश्य पाहावे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरविल्या जातात. त्यांपैकी एलएनकॅप पेशींत अँड्रोजेन-ग्राही असतो, तोही उत्परिवर्तित. पीसी-३ व डीयू-१४५ पेशींत कार्यक्षम ग्राही जवळजवळ नसतोच. एखाद्या अर्काने पीसी-३ पेशी मेल्या, तर त्यावरून तो अर्क संप्रेरकमार्ग रोधतो असे सिद्ध होत नाही. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत हा भेद पुष्कळदा पुसला जातो.

७. व्यवहारात पाळावयाच्या गोष्टी

वैद्यांसाठी : प्रत्येक रुग्णपत्रिकेवर पीएसएचा आकडा, तपासणीची तारीख, शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि चालू गोळ्यांची नावे लिहावीत. शक्य तेथे टेस्टोस्टेरॉनचे प्रमाणही नोंदवावे. संप्रेरकोपचार थांबविण्याचा सल्ला देऊ नये. पाठीच्या कण्यात नवी तीव्र वेदना, पायांत अशक्तता, मूत्र वा मल यांवरील ताबा सुटणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. मज्जारज्जूवर दाब आला असल्यास विलंबाने पाय कायमचे जातात. अंगाची आग, अस्थिक्षय, मेदवृद्धी, निद्रानाश व मलावरोध हे संप्रेरकोपचारात व त्यासोबत दिसणारे त्रास होत. आहार, विहार व सौम्य चिकित्सेने तेथे आपण रुग्णाला मोठा आधार देऊ शकतो.

औषधविक्रेत्यांसाठी : संप्रेरकोपचार सुरू असलेल्या रुग्णास वाजीकर औषधे वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नयेत. अश्वगंधेच्या काही लहान चाचण्यांत टेस्टोस्टेरॉन वाढल्याची नोंद आहे, आणि निकृष्ट वाजीकर उत्पादनांत रासायनिक औषधांची भेसळ सापडते. माल परवानाधारक उत्पादकाकडूनच, पक्क्या बिलावर व बॅच क्रमांकासह घ्यावा. कर्करोग आणि पौरुषग्रंथीचे विकार हे दोन्ही औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. त्यांवरील उपचाराची जाहिरात दुकानाच्या फलकावरही लावता येत नाही.

सारांश, पीएसएचा आकडा प्रामुख्याने ग्राहीच्या सक्रियतेची वार्ता देतो, रोगाच्या समूळ नाशाची नव्हे. ‘‘इंजेक्शन बंद करू का?’’ असे विचारणाऱ्या रुग्णास हा भेद त्याच्या भाषेत समजावून सांगावा आणि पुढील मात्रेची तारीख आपल्या हाताने त्याच्या पत्रिकेवर लिहून द्यावी, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना आमची नम्र विनंती आहे.