बंदिस्त लांडग्याचे खरे चित्र



'लांडगा आला रे आला' ही गोष्ट ऐकली नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत विरळाच. तेलुगू बोलणारे तुमचे सवंगडी याच प्राण्याला 'तोडेलू' म्हणतात. मी कोंकणी मुलखातला. तिकडे कोल्हा ओळखीचा, लांडगा मात्र बहुधा गोष्टीतच भेटावयाचा. ज्याच्याविषयी आपण इतके ऐकतो, त्याला निवांतपणे पाहिलेली माणसे मात्र थोडीच असतात. माळरानावर तो क्षणभर दिसतो आणि दिसेनासा होतो. म्हणून बहुतेकांना प्रथम दर्शन घडते ते प्राणिसंग्रहालयातील बंदिस्त लांडग्याचेच. त्याला पाहावे कसे आणि त्याचे छायाचित्र घ्यावे कसे, याचा विचार या पाठात करू.

प्रथम त्याची ओळख करून घेऊ. भारतीय लांडग्याचे शास्त्रीय नामकरण आपल्या दख्खनच्या भूमीवरूनच झाले. मुंबई सरकारच्या सेवेत असलेले साईक्स यांनी दख्खनमधील प्राण्यांचे जे वर्णन १८३१ साली प्रसिद्ध केले, त्यात हा लांडगा आहे. त्यांनी त्याला 'पॅलिपिस', म्हणजे 'फिक्या पायांचा', असे नाव दिले. हा प्राणी अंगाने सडपातळ; वजन साधारणतः वीस किलोच्या आसपास. पाय लांब, छाती अरुंद, डोळे पिवळसर आणि शेपूट बहुधा खाली सोडलेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसले की, आज हयात असलेल्या लांडग्यांच्या वंशांपैकी हा अतिप्राचीन वंशांत मोडतो. २०२२ च्या व्याघ्रगणनेत भारतातील वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आली. लांडग्यांचा अंदाज सुमारे तीन हजारांचाच आहे. वाघाची चिंता सारा देश वाहतो. लांडग्याची वाहणारे किती?

आदिलाबादहून सुमारे तीनशे किलोमीटरवर हैदराबादचे नेहरू प्राणिसंग्रहालय आहे. ते ६ ऑक्टोबर १९६३ रोजी जनतेस खुले झाले. पुण्यास जाणाऱ्यांना कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयातही लांडगे पाहावयास मिळतात. जयपूर येथे लांडग्यांच्या नियोजित प्रजननाचे कार्य चालत आले आहे. अशा कार्यात कोणत्या नरमादीची जोडी जमवावी हे वंशाच्या नोंदी पाहून ठरवावे लागते. अन्यथा जवळच्या नात्यात संतती होऊन ती दुबळी निपजते. मादी सुमारे दोन महिन्यांनी विते आणि पिल्ले जन्मतः आंधळी असतात.

आता छायाचित्राकडे वळू. शक्यतो सकाळी लवकर जावे. ऊन चढले की लांडगा सावली धरून पडून राहतो. मध्ये जाळी असल्यास, जेवढी मुभा असेल तेवढे तिच्या जवळ उभे राहावे, दूरचे भिंग लावावे, त्याचे छिद्र मोठे ठेवावे आणि लांडगा जाळीपासून दूर गेला की मगच कळ दाबावी. जवळची जाळी मग इतकी पुसट होते की ती चित्रात जवळजवळ उरतच नाही. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. वरून घेतलेल्या चित्रात प्राणी उगाच दीन दिसतो. झगझगीत दिवा मुळीच वापरू नये. शिट्ट्या मारणे, खडे फेकणे, खाऊ टाकणे हे तर वर्ज्यच. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना त्रास देणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

कळ दाबण्यापूर्वी मात्र अर्धा तास नुसते पाहावे. लांडगा एकाच वाटेने पुनःपुन्हा येरझारा घालीत असेल, तर ते त्याच्या ऐटीचे लक्षण समजू नये. रोज कोसच्या कोस चालणाऱ्या प्राण्याच्या पायांना कुंपण पडले की, पुष्कळदा ते असे अस्वस्थ होतात. शेपूट कशी आहे, कान कोठे वळले आहेत, कोण कोणाला वाट देतो, हे टिपून ठेवावे. चित्राखाली तारीख, वेळ, स्थळ आणि 'बंदिस्त' हा शब्द न विसरता लिहावा.

या एका शब्दाचे मोल किती, ते एका घटनेवरून कळेल. लंडनमध्ये दरवर्षी दिल्या जाणाऱ्या वन्यजीव छायाचित्रणाच्या एका विख्यात पारितोषिकासाठी २००९ साली फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याचे चित्र पहिले ठरले. पुढे तो लांडगा रानातला नसून बहुधा शिकवून तयार केलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये ते पारितोषिक रद्द केले. छायाचित्रकाराने हा आरोप अमान्य केला. परंतु चित्राच्या सौंदर्याविषयी कोणाचेच दुमत नव्हते; प्रश्न होता तो सत्याचा. जाळी पुसून टाकण्याची युक्ती मी वर सांगितली खरी, पण जाळी होती हे सांगण्याचे कर्तव्य तिने टळत नाही.

आणि जाळीपलीकडचे सत्य याहून मोठे आहे. लांडगा दाट अरण्यापेक्षा उघड्या माळावर अधिक रमतो. त्या माळांना आपल्या कागदपत्रांत मात्र 'पडीक' म्हणण्याची चाल आहे. पडीक म्हटले की तेथे काहीही बांधावयास आपण मोकळे! माळ आटला, हरणे गेली, की लांडगा मेंढ्यांकडे वळतो. एका रात्रीत दोन मेंढ्या गेल्या तर मेंढपाळाच्या घरची घडी विस्कटते. त्याचा राग खोटा म्हणता येणार नाही. भरपाई वेळेवर हाती पडली तर विषाची पुडी घरातच राहील. शिवाय मोकाट कुत्र्यांशी संकर होण्याचे नवे संकट आहेच. पुणे जिल्ह्यातील असा संकर २०२३ साली जनुकीय तपासणीने सिद्ध झाला आहे.

बंदिस्त लांडगा वंश राखील, पण माळ राखू शकणार नाही. ते काम आपले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत. सुटीत आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा: गावच्या माळावर पूर्वी काय चरत होते, काय दिसत होते, आज काय दिसते? ती उत्तरे तारखांसह वहीत उतरवा. प्राणिसंग्रहालयात काढलेल्या चित्राशेजारी ती वही ठेवली, म्हणजे लांडग्याचे चित्र खऱ्या अर्थाने पुरे होईल.