तळ्याकाठचे पाहुणे : शरद ऋतूतील पक्षिनिरीक्षणाचा पाठ

निसर्गनिरीक्षणाचे पाठ बहुधा वर्गात, भिंतीवरील तक्त्यासमोर होतात. मोर, घार, पोपट यांची चित्रे मुले अचूक ओळखतात. परंतु गावतळ्याच्या बांधावर आज सकाळी कोणता पक्षी उतरला, असे विचारल्यास वर्ग गप्प राहतो. ही उणीव भरून काढण्यास आश्विन व कार्तिक हे महिने फार सोयीचे. पाऊस ओसरलेला, तळी भरलेली, आणि उत्तरेकडील पक्षी येण्याचा काळही हाच.

सूर्योदयाच्या सुमारास तळ्यावर पोहोचावे. एका वेळी दहा-बारा मुलांपेक्षा अधिक नेऊ नयेत. पूर्वेकडील काठावर बसल्यास सूर्य पाठीशी राहतो व पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. पहिली दहा मिनिटे कोणीही बोलू नये. बेचक्या शाळेतच काढून ठेवाव्या; त्याविषयी उपदेश करीत बसण्याचे कारण नाही, निघताना खिसे पाहिले म्हणजे पुरे.

आरंभ धोब्यापासून करावा. ओल्या चिखलावर तुरुतुरु धावणारा, शेपूट सारखी वरखाली करणारा हा पक्षी मुलांच्या परिचयाचा असतो. परंतु मुले ज्यांना सरसकट धोबी किंवा परीट म्हणतात, ते दोन निराळे पक्षी असतात. एकाची पाठ काळीभोर व डोळ्यावर भुवईसारखी पांढरी पट्टी. हा येथलाच, वर्षभर राहतो व येथेच अंडी घालतो. दुसऱ्याची पाठ राखी, चेहरा पांढरा व गळ्याखाली काळा डाग. हा पाहुणा. त्याची घरटी हिमालयात, मध्य आशियात, सायबेरियात. वजन दोन-अडीच तोळ्यांचे, आणि प्रवास हजारो किलोमीटरचा! दोघे एकाच बांधावर चरताना दिसले, तर त्या दिवशी दुसरे काही शिकविले नाही तरी चालेल. शिक्षकांनी भेद स्वतः सांगू नये, “या दोघांत काय निराळे दिसते?” एवढेच विचारावे व वाट पाहावी.

अशा वेळी एक गोष्ट हमखास अनुभवास येते. वाचनात मागे असलेला, सुट्टीत शेळ्या राखणारा मुलगा येथे सर्वांच्या पुढे असतो. टिटवी कोणत्या खडकाळीत अंडी घालते, पाणकोंबडी कोठे दडते, हे त्याला पूर्वीपासून ठाऊक असते. त्याचे बोलणे फळ्यावर त्याच्याच शब्दांत लिहावे व तेच त्याला वाचावयास द्यावे. स्वतःचे वाक्य वाचताना असा मुलगा अडखळतो खरा, पण सोडून देत नाही.

“गुरुजी, हे पक्षी थंडीला भिऊन येतात का?” हा प्रश्न निघतोच. पिसांमुळे पक्षी थंडी बरीच सोसतो. खरी अडचण अन्नाची. उत्तरेत जमीन व पाणी गोठले म्हणजे किडे दिसेनासे होतात, आणि किड्यांवर जगणाऱ्यास स्थलांतरावाचून गत्यंतर राहत नाही. निघण्याची वेळ त्याला मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसावरून कळते. वाट शोधताना सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकत्व यांचा उपयोग होतो.

भोरड्यांविषयी मात्र जपून बोलावे. गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे हे पक्षी थव्यांनी येतात आणि दाण्यावर आलेल्या ज्वारीवर उतरतात. ज्याचे वडील गोफण घेऊन माळ्यावर उभे असतात, त्या मुलापुढे त्यांच्या सौंदर्याचे वर्णन करणे रास्त नव्हे. नुकसान मान्य करावे. मग हेही सांगावे की हेच पक्षी नाकतोडेही खातात, आणि मध्य आशियात आपल्या पिल्लांना टोळ भरवितात.

जेथे तळे नाही, तेथे शाळेचे आवार पाहावे. कुंपणावर बसून तांबूस शेपूट थरथरविणारा थिरथिरा बहुतेक गावांत येतो.

नोंदवही साधी असावी : तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या, तो काय करीत होता. नाव न कळल्यास वर्णन लिहावे, अंदाजाने नाव लिहू नये. “आज दिसला नाही” हीदेखील नोंदच होय. मृत पक्ष्याच्या पायात वळे आढळल्यास पक्ष्यास हात न लावता त्यावरील क्रमांक व संस्थेचे नाव उतरवून घ्यावे आणि त्या संस्थेस कळवावे. १८८३ साली स्थापन झालेली मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी अशा वळ्यांच्या साहाय्याने स्थलांतराचा अभ्यास करीत आली आहे.

मारुती चितमपल्ली व डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिनांस अनुसरून महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. वही भिंतीवर लावण्यास तो आठवडा योग्य; परंतु ती उघडावी आश्विनाच्या आरंभी, कारण राखी पाठीचा धोबी तोवर कधीच येऊन गेलेला असतो. ती मिटण्याची घाईही करू नये. आलेला पक्षी डोळ्यांत भरतो, गेलेला कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून फाल्गुनापासून दर आठवड्यास दोन मुलांना बांधावर पाठवावे, आणि सलग तीन आठवडे “नाही” असे उत्तर आल्यावरच त्याच्या शेवटच्या दर्शनाची तारीख वहीत कायम करावी.