करवीर कुलातील वेली : वर्गीकरण आणि वैद्यकीय सावधगिरी

पावसाळ्यात धारवाडच्या कुंपणांवर वेढे घालीत चढणाऱ्या अनेक वेलींचे पान खुडताच पांढरा चीक ओघळतो. उतरण, हरणदोडी, बेडकी (गुडमार) आणि अनंतमूळ ही त्यांतील परिचित नावे. आज या सर्वांची गणना ॲपोसायनेसी, म्हणजेच करवीर अथवा कण्हेर कुलात होते.

हे ऐक्य मध्यंतरी भंगले होते. १७८९ साली ज्युस्यू यांनी हे कुल मांडले. १८१० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी, प्रामुख्याने परागांच्या रचनेवरून, त्यातून रुई कुल वेगळे काढले. त्याच्या शास्त्रीय नावात ॲस्क्लेपियस ही ग्रीक वैद्यदेवता आहे. धारवाड मुंबई इलाख्यात असताना थिओडोर कुक यांनी त्या प्रांताची वनस्पतिसूची (१९०१-०८) सिद्ध केली. तिच्यातही ही दोन कुले पृथक् आहेत.

परंतु अनंतमुळाचा गट या विभागणीत नीट बसेना. रुईच्या फुलात पराग पुंजरूपाने बांधलेले असतात, तर या गटात ते चमच्यासारख्या वाहकावर साठतात. म्हणजे हा मधला दुवा ठरतो. डीएनएच्या पुराव्यानेही हेच नाते दाखविले. १९९८ पासून दोन्ही कुले पुन्हा एकत्र आली आणि २००० सालच्या मांडणीत त्यांची पाच उपकुले झाली. बागेतील पिवळा अलमंडा सर्पगंधेच्या उपकुलात, अनंतमूळ पेरिप्लोकॉइडीत, तर उतरण, हरणदोडी व बेडकी रुईच्या उपकुलात गेली.

आपणा वैद्यकीय व्यावसायिकांना याचे महत्त्व काय? बिट्टी, कण्हेर आणि रुई तीन निरनिराळ्या उपकुलांतील. तथापि हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे तिन्हींत आहेत. उतरणीच्या बियांतही ती आढळली आहेत. मुलांच्या खोकल्यावर उतरणीच्या पानांचा रस देण्याची जुनी घरगुती रीत आहे. सुभाष रोडवरील माझ्या दवाखान्यात पालक त्याविषयी विचारतात, तेव्हा मी स्पष्ट नकार देतो. याच कुलातील अनंतमुळाचे सरबत मात्र आपण आवडीने पितो. म्हणून केवळ कुलावरून निर्णय करू नये. नेमकी जात ओळखावी.

मुलाने चिकाच्या वेलीचा कोणताही भाग खाल्ल्यास घरी उलटी करवू नये. फूल वा फळासह डहाळी घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी नाडी, ईसीजी व रक्तातील पोटॅशियम तपासण्यात विलंब करू नये.